तांब्याचा तळ सपाट का?

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहणारी आठवीतली एक मुलगी एलिमेंटरी ड्रॉइंग ग्रेड परीक्षेची तयारी करीत होती. एका रविवारी सकाळी ती वही घेऊन गच्चीवर आली आणि म्हणाली, "काका, वस्तुचित्र कसं झालंय बघता का?" चित्र पितळी तांब्याचे होते. रेषा स्वच्छ, छाया गुळगुळीत, खाडाखोड कुठेही नाही. आम्ही तिला घरातून तांब्या आणायला सांगितले, तो गच्चीच्या कठड्याशी खाली ठेवला आणि म्हटले, "आता समोर बसून काढ."

वीस मिनिटांत दुसरे चित्र तयार झाले. ते पहिल्याची नक्कल होते. तांब्याचे तोंड लिंबासारखे, दोन्ही बाजूंना टोके आलेले. तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ. तकाकीची पांढरी पट्टी डाव्या खांद्यावर. ऊन मात्र उजवीकडून येत होते आणि तांब्याची उजवी बाजू डोळ्यांना सलेल इतकी चमकत होती. आम्ही विचारले, "प्रकाश डावीकडून का दाखवलास?" ती सहजपणे म्हणाली, "डावीकडूनच घ्यायचा असतो. क्लासमध्ये तसंच सांगितलंय."

मुलगी हुशार आहे. हात स्थिर आहे. वीस मिनिटे तांब्या तिच्यापासून दोन हातांवर होता. तरीही तिने त्याच्याकडे पाहिले नव्हते. किंवा असे म्हणू की पाहण्याची तिला गरजच पडली नव्हती, कारण तांब्या तिला पाठ होता. या लेखात आम्ही वस्तुचित्र या विषयाची, तो शिकवण्याच्या रूढ पद्धतीची आणि त्यावर उपाय म्हणून जगभर वाचल्या जाणाऱ्या एका पुस्तकाची परीक्षा घेणार आहोत. आम्ही चित्रकार नाही. आमचे काम सूक्ष्मदर्शकाखाली परागकण पाहण्याचे. पण पाहण्याचा आणि काढण्याचा संबंध काय, हा प्रश्न आमच्याही धंद्यातला आहे.

प्रथम ज्याचे त्याला श्रेय देऊ. आपल्या शालेय जीवनात वस्तुचित्राची परीक्षा ही एक विलक्षण गोष्ट आहे. इतर सर्व विषयांत प्रश्न कागदावर येतो आणि उत्तर पुस्तकातून येते. इथे प्रश्न म्हणजे टेबलावर मांडलेली खरीखुरी भांडी, फळे, भाज्या. उत्तर कोणत्याही पुस्तकात असू शकत नाही, कारण प्रत्येक विद्यार्थी वेगळ्या जागी बसलेला असतो आणि प्रत्येकाला दिसणारे दृश्य वेगळे असते. शेजाऱ्याची नक्कल केली तर ती चूकच ठरायला हवी. अशी परीक्षा विज्ञानातही आपण अजून घेऊ शकलेलो नाही. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षांत उत्तर आधी ठाऊक असते आणि विद्यार्थी निरीक्षणे त्याच्याशी जुळवून घेतात, हे सर्व शिक्षक जाणतात.

मग इतक्या चांगल्या कल्पनेचा पाठांतराचा तांब्या कसा झाला?

थोडा इतिहास पाहावा लागतो. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनानंतर ब्रिटिश मालाच्या नक्षीकामाचा दर्जा खालावला आहे, अशी ओरड तिथे सुरू झाली. त्यातून साउथ केन्सिंग्टनला चित्रकलाशिक्षणाचे एक सरकारी केंद्र उभे राहिले आणि त्याने पायऱ्यापायऱ्यांचा ठराविक अभ्यासक्रम घालून दिला. आधी सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा आणि खूप पुढे खऱ्या वस्तू. उद्देश चित्रकार घडवण्याचा नव्हता. कारखान्यांना आणि गिरण्यांना नेटक्या हाताचे आराखडेकार हवे होते. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. आपल्याकडच्या शालेय चित्रकलेवर या पद्धतीची छाप पुष्कळ काळ राहिली. मुक्तहस्त रेखाटन हा शब्दसुद्धा त्या काळात 'पट्टी-कंपासाशिवाय नमुना उतरवणे' इतक्याच अर्थाने वापरला जाई. हात मुक्त, नजर मात्र नमुन्याला बांधलेली.

सोलापूरकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी आली आणि पुढे चादरीने या गावाचे नाव सर्वदूर नेले. जॅकार्डच्या चादरीवरचा मोर किंवा वेल आधी चौकटीच्या कागदावर उतरतो. एकेक चौकोन भरायचा किंवा रिकामा ठेवायचा आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना छिद्रे पाडायची. तिथे नमुना तंतोतंत उतरवणारा हात हेच खरे कौशल्य आणि ते कौशल्य अव्वल दर्जाचे आहे. पण चौकटीच्या कागदावरचा मोर काढण्यासाठी मोर पाहावा लागत नाही. पद्धत वाईट नव्हती. ती वेगळ्या कामासाठी होती.

आज बाजारात परीक्षेसाठी जी मार्गदर्शक पुस्तके मिळतात, त्यांत बहुधा हाच वारसा दिसतो. मधोमध उभा अक्ष काढा, दोन्ही बाजू सारख्या करा, तोंडासाठी लंबवर्तुळ घाला, डावीकडे प्रकाश ठेवा, उजवीकडे पडछाया द्या. शेजारी नमुन्याचे रंगीत चित्र. यातली एकही सूचना सर्वस्वी चुकीची नाही. दोष एवढाच की या सूचना पाळताना वस्तूची गरज भासत नाही. आणि दहावीच्या वाढीव गुणांशी ग्रेड परीक्षा जोडली गेल्यापासून, बिनचूक पार पडणाऱ्या कृतीची ओढ वाढली तर नवल नाही. त्यात तपासणीची एक अडचण आहे. चित्राला गुण दिले जातात तेव्हा मांडणी समोर नसते, ती केव्हाच मोडलेली असते. मग परीक्षकाने पाहायचे काय? छाया सफाईदार आहे का, कागद स्वच्छ आहे का, मांडणी पानावर नीट बसली आहे का. चित्र खरे आहे का, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. समोर वस्तू असताना मूल ती तशी का काढत नाही? सर्वसाधारण समज असा की हात बसलेला नाही. आम्हाला तो पटत नाही. जे मूल छापील चित्रावर पातळ कागद ठेवून बिनचूक गिरवते, सुवाच्य अक्षर काढते, त्याच्या हातात दोष असेल कसा? कोहेन आणि बेनेट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हाच प्रश्न पद्धतशीरपणे तपासला. हाताचे कौशल्य, कोणती रेषा काढायची याचा निर्णय, स्वतःचे चित्र पारखण्याची क्षमता आणि वस्तूचे आकलन या चार शक्यता त्यांनी वेगवेगळ्या केल्या. चुकांचा मोठा वाटा आकलनाकडे जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मुलांच्या बाबतीत लुके या फ्रेंच अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवले होते की, लहान मूल दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते. याची एक सुंदर चाचणी फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ मध्ये घेतली. मुलांसमोर एक कप ठेवला. त्याचा कान मागे वळवलेला, म्हणजे मुलांना न दिसणारा. पुढच्या बाजूला मात्र एक फूल रंगवलेले. लहान मुलांनी कान काढला आणि फूल गाळले. साधारण आठ वर्षांच्या पुढची मुले कान गाळू लागली आणि फूल काढू लागली. कपाला कान असतो हे ज्ञान लहान मुलाच्या डोळ्यांवर मात करते. हा प्रयोग करायला कपाशिवाय काही लागत नाही. तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी तो अवश्य करून पाहावा, मात्र कान काढणाऱ्या मुलाला चूक म्हणू नये.

मोठ्यांची या सवयीतून सुटका होते असे मात्र नाही. थाउलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये प्रौढांसमोर गोल चकत्या तिरप्या ठेवल्या आणि दिसणारा आकार कोणता ते दाखवायला सांगितले. तिरप्या चकतीची डोळ्यांतली प्रतिमा लंबवर्तुळाकार असते. लोकांनी निवडलेले लंबवर्तुळ मात्र तिच्याहून सातत्याने अधिक गोल होते. चकती गोल आहे हे मनाला माहीत असते आणि ते दृष्टीला आपल्याकडे ओढून घेते. याला आकारस्थैर्य म्हणतात. रोजच्या जगण्यात ते वरदानच आहे. ताट तिरपे धरले म्हणून ते चपटे झाले असे वाटू लागले तर जेवणे कठीण होईल! फक्त चित्र काढताना हे वरदान आडवे येते.

आमच्याकडे गच्चीवर हे सिद्ध करायला कडक भाकरी कामाला आली. सोलापुरात तिची वाण नाही आणि ती मोडेपर्यंत आकार सोडत नाही. भाकरी जमिनीवर ठेवून मुलांना तिची दिसणारी लांबी-रुंदी पेन्सिलीने मोजायला सांगितली. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीचे टोक एका कडेला आणि अंगठ्याचे नख दुसऱ्या कडेला. कोपर वाकले की माप बदलते, म्हणून हात ताठच हवा. मग तेच माप उभे धरायचे. बहुतेकांचा अंदाज होता की भाकरीची दिसणारी उंची रुंदीच्या पाऊणपट तरी असेल. मोजली तेव्हा ती निम्म्याच्या आसपास निघाली. एका मुलाने तीन वेळा मोजले आणि शेवटी पेन्सिल बदलून पाहिली.

हा हिशेब दहावीच्या त्रिकोणमितीत बसतो. वर्तुळाच्या प्रतलाशी आपली नजर जो कोन करते त्याची साइन म्हणजे लंबवर्तुळाच्या लहान आणि मोठ्या अक्षांचे गुणोत्तर, असे जवळपास धरता येते. तांब्याऐवजी २० सेंटिमीटर उंचीचा सरळ डबा घ्या. मूल मांडी घालून बसले आहे, डोळे जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आणि डबा ९० सेंटिमीटर दूर. डब्याच्या तोंडाशी नजर सुमारे २९ अंशांचा कोन करते, म्हणून गुणोत्तर ०.४९. तळाशी कोन सुमारे ३८ अंश, गुणोत्तर ०.६१. म्हणजे तळाचे लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक गोल! वरून पाहताना जे वर्तुळ जास्त खाली, ते जास्त उघडे दिसते. मार्गदर्शकात शिकवला जाणारा सपाट तळ म्हणजे डब्याचे तोंड वरून आणि तळ समोरून पाहणे. असे पाहणारा डोळा कुणालाच नाही. मुले तळ सपाट का काढतात, याचेही कारण ज्ञानातच आहे. भांडे जमिनीवर टेकलेले असते, जमीन सपाट असते, म्हणून तळ सपाट.

वर सांगितलेल्या तपासणीच्या अडचणीवर इथे एक तोड दिसते. परीक्षकाला मांडणी दिसत नसली तरी चित्र स्वतःशी सुसंगत आहे का, हे दिसतेच. तोंडाची गोलाई आणि तळाची गोलाई, पडछायेची दिशा आणि तकाकीची जागा, पुढच्या वस्तूने मागची किती झाकली, या गोष्टी एकमेकींना साक्ष देतात. खोटे चित्र बहुधा आपल्याच साक्षीत फसते.

आता पुस्तकाकडे वळू. बेटी एडवर्ड्‌स या अमेरिकन कलाशिक्षिकेचे 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' हे पुस्तक १९७९ मध्ये निघाले. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. चित्र काढता येत नाही अशी खात्री असलेल्या प्रौढांना या पुस्तकाने धीर दिला, हे मान्य केले पाहिजे. चित्र काढणे ही देणगी नसून शिकता येण्याजोगी कौशल्ये आहेत, हे तिचे प्रतिपादन आम्हाला पूर्ण मान्य आहे. कडा पाहणे, रिकाम्या जागा पाहणे, परस्परांची प्रमाणे पाहणे, छायाप्रकाश पाहणे आणि शेवटी सगळे एकत्र पाहणे, अशी तिची मांडणी. शिक्षकाने ही यादी फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवावी.

पण पुस्तकाच्या नावातच जो दावा आहे तो आम्हाला खटकतो. मेंदूचा डावा अर्धगोल शब्दांचा आणि हिशेबाचा, उजवा अर्धगोल आकारांचा, आणि डाव्याला गप्प केले की चित्र जमते, असा त्याचा सूर आहे. याला आधार म्हणून रॉजर स्पेरी यांच्या संशोधनाचे नाव येते. स्पेरी यांचे काम थोरच आहे. अपस्मारावरच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल शस्त्रक्रियेने वेगळे केले होते, अशा रुग्णांचा त्यांच्या गटाने अभ्यास केला. मात्र जोड तोडलेल्या मेंदूत जे आढळले ते जोड शाबूत असलेल्या विद्यार्थ्यात पेन्सिल धरताना घडते, असा अर्थ त्यातून निघत नाही. चित्र काढताना दोन्ही अर्धगोल कामाला लागतात. गंमत अशी की, स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला आणि उरलेला अर्धा ह्यूबेल आणि व्हीजेल यांना. दृष्टीशी संबंधित मेंदूच्या भागातल्या काही पेशी विशिष्ट दिशेच्या कडांना प्रतिसाद देतात, हे या दोघांनी दाखवले. वस्तूला रेषा नसतानाही आपण रेषेने वस्तू का दाखवू शकतो, याच्याशी या शोधाचा संबंध अधिक जवळचा आहे. पण पुस्तकाचे शीर्षक दुसऱ्या अर्ध्या पारितोषिकावर बेतले गेले!

पुस्तकातला सर्वांत गाजलेला पाठ म्हणजे पिकासोने काढलेले स्ट्राविन्स्की या संगीतकाराचे रेखाचित्र उलटे धरून उतरवणे. उलटे धरल्यामुळे हा हात, हा चष्मा, अशी नावे मनात येत नाहीत आणि रेषा रेषेसारखी दिसते. आम्ही मुलांकडून एक साधे रेखाचित्र असे उलटे काढून घेतले. मजा आली, काहींची चित्रे चकित करण्याइतकी चांगली झाली. पण मग लक्षात आले की हीसुद्धा कागदावरून कागदावरची नक्कलच आहे. साउथ केन्सिंग्टनचा छापील नमुना, फक्त उलटा धरलेला. त्रिमितीतला तांब्या द्विमितीत आणण्याची खरी अडचण पिकासोने आधीच सोडवून ठेवली आहे. आणखी एक. विद्यार्थ्यांची 'आधीची' आणि 'नंतरची' चित्रे पुस्तकात शेजारीशेजारी दिली आहेत. ती पाहून कोणीही प्रभावित होईल. पण ज्यांना अजिबात फरक पडला नाही त्यांची चित्रे कुठे आहेत? तेवढेच तास दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने शिकवले असते तर काय झाले असते? औषधाच्या बाबतीत आपण हे प्रश्न विचारतो, मग इथे का नको?

रिकाम्या जागेचा पाठ मात्र खणखणीत आहे. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला पाणी दिवसाआड, कधी चार-पाच दिवसांनी येत आल्यामुळे घराघरांत बादल्या, घागरी आणि पिंपांची ददात नाही. आम्ही एक लोखंडी बादली ठेवली, कडी उभी केली आणि सांगितले, बादली काढू नका, कडी आणि काठ यांच्यामधून दिसणारे आभाळ काढा. एरवी चित्रकलेच्या तासाला मागे बसणाऱ्या एका मुलाने त्या दिवशी सगळ्यांत खरी बादली काढली. आभाळाच्या त्या तुकड्याला नाव नसते. नाव नाही म्हणून ठराविक आकारही नाही. जे ठाऊकच नाही ते पाहिल्यावाचून काढता येत नाही. या यशाचे स्पष्टीकरण द्यायला उजवा मेंदू लागत नाही, लुके पुरेसा आहे.

इथे आमचीही एक चूक नोंदवली पाहिजे. पहिले दोन रविवार आम्ही वर दिलेले गणित मोठ्या उत्साहाने शिकवले. तिसऱ्या रविवारी मुलांनी डौलदार लंबवर्तुळे काढली, टोके नसलेली, तळ व्यवस्थित गोलावलेला. तांब्या मात्र पुन्हा पाठचाच. त्याला एका बाजूने पोचा आला होता, तो एकाही चित्रात नव्हता. क्लासचा साचा काढून आम्ही आमचा बसवला होता, इतकेच. पेर्द्रो आणि कॅव्हेना यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्ही नंतर वाचला आणि थोडे सावरलो. आकारमानाच्या स्थैर्यासारख्या गोष्टींत कसलेले चित्रकारही सामान्य माणसासारखेच फसतात, असे त्यात दिसले. म्हणजे चित्रकाराला दिव्यदृष्टी नसते. तो फसतो, पण फसतो आहोत हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो पुनःपुन्हा मोजतो, ताडून पाहतो, रेषा बदलतो.

म्हणून चौथ्या रविवारी आम्ही नियम सांगणे थांबवले आणि काच आणली. खिडकीच्या काचेपलीकडे वस्तू ठेवायची, एक डोळा मिटायचा, डोके हलू द्यायचे नाही आणि स्केचपेनने वस्तूची बाह्यरेषा काचेवरच गिरवायची. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर दोन वेगळी दृश्ये मिळतात आणि रेषा कुठे काढावी तेच कळत नाही. ही युक्ती जुनी आहे. चित्र म्हणजे जणू खिडकी, ही कल्पना आल्बर्टीने इटलीत १४३५ मध्ये मांडली आणि ड्यूररने अशा उपकरणांची चित्रेही छापली. काचेवरचे चित्र पाहून शेजारची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तोंड एवढंसं आहे?"

आरशाचा प्रयोग तर याहून सोपा. आरशासमोर उभे राहून, एक डोळा मिटून, आपल्या चेहऱ्याची कड ओल्या साबणाने आरशावर गिरवा. ती चेहऱ्याच्या बरोबर निम्म्या मापाची निघते. मागे सरका, पुढे या, निम्मीच राहते. प्रतिमा आरशाच्या मागे तितकीच दूर असते, म्हणून आरसा डोळा आणि प्रतिमेच्या मधोमध येतो आणि समरूप त्रिकोणांनी उत्तर मिळते. रोज आरशात पाहणाऱ्या माणसाला हे सांगून पटत नाही. गॉम्ब्रिच या कलेतिहासकाराने १९६० च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाचा उल्लेख केला आहे. आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी तो पट्टी घेऊन करून पाहिला आणि आरसाच सदोष आहे असे जाहीर केले.

विज्ञानाच्या शिक्षकांनी यात का पडावे, असे कुणी विचारील. १६०९ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. उजेड-अंधाराची सीमा वेडीवाकडी दिसते हे त्याने टिपले, पण ती तशी का हे त्या चित्रावरून उमगत नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओने तीच सीमा पाहिली आणि त्याला डोंगर आणि खळगे दिसले, त्यांच्या सावल्या दिसल्या. गॅलिलिओला छायाप्रकाशाच्या रेखाटनाचे शिक्षण होते आणि म्हणून त्या डागांचा अर्थ त्याला लागला, असे काही इतिहासकार मानतात. त्याची दुर्बीण अधिक शक्तीची होती, हेही विसरता येत नाही. पण गॅलिलिओचे पुस्तक १६१० मध्ये आल्यानंतर हॅरियटच्या चित्रांतही खळगे दिसू लागले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आमच्या वर्गखोल्यांत काय चालते? कांद्याच्या पापुद्र्याची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली असते आणि विद्यार्थी पुस्तकातली आकृती उतरवत असतो. विटांच्या भिंतीसारख्या नेटक्या पेशी, प्रत्येकीत बरोबर मध्यभागी केंद्रक, उजवीकडे बाणांनी नावे. पूर्ण गुण. ज्याने खरोखर पाहून वाकड्या, कमी-अधिक लांबीच्या पेशी काढल्या, केंद्रक भिंतीला चिकटलेले दाखवले, त्याला आम्ही शिक्षकच 'आकृती नीट काढ' म्हणतो. पाहून काढले की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. खऱ्या पापुद्र्यात एका ठिकाणी सहसा तीनच भिंती येऊन मिळतात, चार क्वचित. ज्याच्या चित्रात फुल्याच फुल्या आहेत त्याने पाहिलेले नाही.

हे लिहिताना स्वतःला वगळणे बरे नाही. पीएच.डी.च्या काळात आमचे मार्गदर्शक आधी चित्र काढल्याशिवाय छायाचित्र घेऊ देत नसत. आम्हाला तो जुनाट हट्ट वाटे. सुरूच्या परागकणाला तीन रंध्रे असतात असे वाचले होते, म्हणून शेकडो कण आम्ही तीन रंध्रांचेच म्हणून मोजून टाकले. एकदा कंटाळत, कॅमेरा ल्युसिडा लावून एकेक कण कागदावर उतरवताना चौथे रंध्र समोर आले. असे चार रंध्रांचे कण क्वचित असतात हे माहीतगारांना ठाऊकच होते, त्यामुळे शोध वगैरे काही लागला नाही. आधीची मोजणी मात्र सगळी पुन्हा करावी लागली. ते कण आमच्या डोळ्यांखालून आधीही गेले असणारच.

शेजारच्या मुलीचा प्रश्न मात्र सरळ होता आणि त्याला आमच्याकडे नीटसे उत्तर नव्हते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिने विचारले, "परीक्षेत दिसतं तसं काढू, की क्लासमध्ये सांगितलंय तसं?" तिच्यासाठी तो श्रेणीचा प्रश्न होता आणि श्रेणी आमची नव्हती, तिची होती. दिसते तसे काढ, छाया मात्र क्लासमध्ये शिकवल्यासारखी स्वच्छ दे, असे आम्ही सांगितले. ही तडजोड आहे हे तिलाही कळले असावे.

परीक्षेत तिला कडेची जागा मिळाली. पुढच्या भांड्याने मागचे फळ निम्म्याहून जास्त झाकले होते. शेजारच्या मुलीने ते फळ बाजूला सरकवून पूर्ण काढले, हिने झाकलेलेच काढले. तिला 'ब' श्रेणी मिळाली. त्याचे तिला वाईट वाटले आणि आम्हालाही. परवा ती पुन्हा गच्चीवर आली तेव्हा हातात वही आणि आजीकडून आणलेला एक लाकडी धोटा होता. त्याचे एक टोक तिच्याकडे होते आणि दुसरे दूर. दूरचे टोक किती आखूड दिसते ते ती हात ताठ करून मोजत होती.